१९७८ ची बुलेट ३५०: दोन्ही टायर बदलायचेत, ३.२५-१९ च ठेवू की मागे रुंद घालू?

सातारकर_बुलेट

नमस्कार मंडळी. १९७८ ची बुलेट ३५० आहे. सहा व्होल्ट, दोन्हीकडे ड्रम ब्रेक, आऱ्यांची चाकं, रिम मूळचे. पुढे-मागे ३.२५-१९ टायर आहेत. पुढचा रिब (लांबीत सलग धारा असलेला) टायर आहे, नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूला केसासारख्या बारीक चिरा दिसतात. त्याच्यावर तारखेच्या जागी '३८६' असे तीनच आकडे आहेत. मागच्यावर '२२१४' आहे आणि तो मधोमध सपाट झालाय.

वापर असा: सुट्टीच्या दिवशी सातारा-महाबळेश्वर, कधी कास, वर्षातून एक-दोनदा कोकणात उतरणं, बहुतेक वेळा डबलसीट. पाऊस लागतोच. वेग ६०-७० च्या वर नाही.

टायरच्या दुकानात तीन वेगवेगळे सल्ले मिळाले. एक म्हणतो पुढचा टायर चांगला आहे, फक्त मागचा बदला. दुसरा म्हणतो मागे १८ चा रिम टाकून ११०/९०-१८ घाला, गाडी भारदस्त दिसेल. तिसरा म्हणतो ट्यूबलेस टायर घाला, पंक्चरची कटकट संपेल. गाडीचं मूळ रूप शक्यतो बिघडवायचं नाही, पण घाटात भरवसा त्याहून महत्त्वाचा. काय घ्यावं, आणि बसवताना काय बघावं?

आरे_आणि_रिम

आधी पुढच्या टायरचं. तीन आकडी तारीख म्हणजे टायर २००० सालाच्या आधीचा. २००० पासून चार आकडे येतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे तुमचा मागचा २०१४ च्या बाविसाव्या आठवड्यातला, आणि पुढचा कमीत कमी पंचवीस वर्षांचा. नक्षी किती उरली हा प्रश्नच तिथे उरत नाही. रबर मऊ ठेवणारी तेलं उडून गेली की टायर लाकडासारखा होतो. कोरड्या रस्त्यावर ते कळत नाही, ओल्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला की कळतं, आणि पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. रिबच्या खाचेत नख रुतवून बघा, मग नव्या टायरवर तेच करून बघा. फरक हाताला लगेच समजेल. तो टायर आजच उतरवा. जुना टायर मागे चालवून नवा फक्त पुढे घालणं एक वेळ समजून घेता येईल, उलटं अजिबात नाही.

कायद्याने दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिमीपेक्षा कमी चालत नाही. पण पावसात डबलसीट घाट उतरणाऱ्याने मागे दोन मिमीवर आला की बदलावा असं माझं मत आहे.

आता माप. बुलेटचा मूळ रिम डब्ल्यूएम२-१९, म्हणजे आतून १.८५ इंच रुंद. रिमवर ठसा असतो, आऱ्यांच्या बाजूने घासून बघा. सगळा हिशेब या आकड्यावरून सुरू होतो. १.८५ च्या रिमला ३.२५ टायर नेमका बसतो, ३.५० चालतो, ९०/९० (रुंदी ९० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के) ही चालतो. १००/९० ला किमान २.१५ चा रिम लागतो. तो १.८५ वर ओढून बसवला तर टायरच्या कडा आत चिमटल्या जातात, माथा गोल न राहता टोकदार होतो. सरळ चालताना मधली अरुंद पट्टीच रस्त्याला टेकते, आणि गाडी कलवली की एकदम पडल्यासारखी वाटते. दिसायला टायर मोठा, पकड कमी.

नावातल्या आकड्याने फसू नका. ३.२५ इंच म्हणजे ८२.५ मिमी, पण बसवून हवा भरल्यावर तो साधारण ८९ मिमी भरतो. म्हणून रुंदीने ९०/९० त्याच्या जवळचा, मात्र उंचीला तो थोडा बुटका आहे. पुढे घातला तर स्पीडोमीटर किंचित जास्त वेग दाखवेल, कारण केबल पुढच्या चाकातून येते. चालवायला त्रास काही नाही.

११०/९०-१८ चा सल्ला सोडून द्या. व्यास जवळपास १९ इंची चाकाएवढाच येतो, म्हणून दुकानदाराला वाटतं की बसेल. अडचण रुंदीची आहे. एकेका बाजूला दहा मिमी टायर वाढतो आणि चेन डावीकडे तिथेच आहे. त्यात रिम बदलायचा, आरे नव्याने विणायचे, आणि इतकं करून मूळ गाडीही राहत नाही. खात्री करायची तर आत्ताच्या मागच्या टायरपासून चेनकव्हरपर्यंत आणि उजवीकडे स्विंगआर्मपर्यंत (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापर्यंत) अंतर मोजून इथे टाका.

घाटरस्ता

वर मापाचं नीट सांगितलंय. मी नक्षी आणि वजनाबद्दल लिहितो.

पुढे रिब आणि मागे बटण ही जुनी जोडी उगीच आलेली नाही. पुढच्या चाकाचं काम दिशा धरण्याचं. लांबीत जाणाऱ्या सलग धारा आडवं सरकणं रोखतात, पाणी खाचांतून मागे निघून जातं. मागच्या चाकाला इंजिनाची ओढ रस्त्यावर उतरवायची असते, म्हणून आडव्या कडा असलेली बटणं. रिबला एक खोड आहे. रस्त्याला लांबीत खाचा असतील, किंवा डांबराच्या दोन पट्ट्यांमधला जोड असेल, तर धारा त्या खाचेत शिरू बघतात आणि हँडल आपोआप डोलल्यासारखं वाटतं. घाबरून हँडल घट्ट धरलं की जास्त डोलतं, ढिलं सोडावं.

पाऊस आणि घाट असा वापर असेल तर पुढेही अखंड रिबऐवजी रिबच्या कडेला बटणं असलेली नक्षी घ्यावी. गाडी कलवल्यावर टायरची जी बाजू टेकते तिथे आडव्या कडा मिळतात. रूप जुनंच राहतं.

जुन्या विलायती नावांपैकी एव्हॉनचा स्पीडमास्टर पुढे आणि सेफ्टी मायलेज मागे, किंवा डनलॉपचा के७० ही त्या काळातली खरी जोडी. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते शोभतात. पण जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे असा टायर कुणी 'नवा' म्हणून दाखवला तर किमतीआधी तारीख वाचा. कपाटात आठ वर्षं पडून राहिलेला टायर नवा नसतो. आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघा. तुमच्या वापराला देशी टायर पुरेसा आहे. बुलेट ३५० ला अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत ३.२५-१९ हेच माप कारखान्यातून येत होतं, म्हणून एमआरएफ, सिएटसारख्यांचा ताज्या तारखेचा टायर शोधला की मिळतो. तालुक्याच्या दुकानात नसेल तर मागवून घ्या, पण 'हेच आहे, घ्या' म्हणून हातात ठेवलेलं दुसरं माप घेऊ नका.

वजनाचा हिशेब कुणी करत नाही, आणि डबलसीट बुलेटला तोच सर्वात महत्त्वाचा. गाडी साधारण १६५ किलो, दोन माणसं १४०, सामान १५. एकूण ३२० च्या आसपास. यातलं साठ-पासष्ट टक्के मागच्या चाकावर, म्हणजे दोनशे किलो. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ '५४ पी'. ५४ म्हणजे २१२ किलो, पी म्हणजे ताशी १५० किमी. ५१ म्हणजे १९५ आणि ४९ म्हणजे फक्त १८५ किलो. ही वजनं टायरला सोसणाऱ्या पूर्ण हवेवरची आहेत, कमी हवेवर टायर तेवढं उचलत नाही. म्हणून मागे ५४ च्या खालचा टायर कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. शक्य असेल तर मागे सहा प्लायचा (थरांचा) घ्या. वेगाच्या अक्षराची चिंता नको, तुमच्या गाडीला सगळीच पुरतात.

माझं मत मागे ३.५०-१९ घालावा. भारांक (तोच वजनाचा आकडा) ५७ चा मिळाला तर २३० किलो झाले. डब्ल्यूएम२ वर बसतो, दिसायला काही वेगळं वाटत नाही.

आरे_आणि_रिम

३.५० ला माझी हरकत नाही, पण आंधळेपणाने नको. ३.२५ पेक्षा तो रुंदीत चार-पाच मिमी आणि व्यासात आठ-दहा मिमी मोठा. पुढचा मडगार्ड फोर्कच्या खालच्या नळ्यांवर बसतो आणि चाकाबरोबरच वरखाली होतो, त्यामुळे पुढे उभं असताना जेवढी जागा दिसते तेवढीच कायम राहते. मागे तसं नाही. मागचा मडगार्ड चेसीला आहे आणि चाक स्विंगआर्मबरोबर वर येतं. डबलसीट खड्ड्यात आपटली की टायर मडगार्डच्या आतल्या नटबोल्टला किंवा टेललाइटच्या वायरला घासतो. दोन जण बसवून मागून वाकून बघा. जुन्या शॉकअपच्या स्प्रिंगा बसलेल्या असतील तर ३.५० नको, आधी शॉकअप.

सातारकर_बुलेट

मोजलं. रिमवर 'डब्ल्यूएम२-१९' ठसा आहे. मागे टायरपासून चेनकव्हरपर्यंत १४ मिमी, उजवीकडे १६ मिमी. दोघं बसल्यावर मडगार्डखाली सर्वात अरुंद जागी अजून ४५ मिमी राहतात. चाक हवेत फिरवलं तर मागचा रिम एका जागी तीनेक मिमी बाजूला जातो. डाव्या बाजूला टायरवर तेलाचे डागही आहेत.

ट्यूबलेसचं राहिलं. आणि पंक्चरवाल्याकडे द्यायचं की घरी बसवता येईल?

चाकवाला_कोल्हापूर

जागा पुरेशी आहे, मागे ३.५०-१९ बसेल. एका बाजूला बारा मिमी तरी उरतील. ११० ला चारच उरले असते. चेन थोडी ढिली पडली, स्विंगआर्मचे बुश थोडे खाल्ले, की घासलाच.

ट्यूबलेसबद्दल: तुमचा रिम आऱ्यांचा आहे. प्रत्येक निपलच्या (आरा रिमला आवळणाऱ्या नटाच्या) भोकातून हवा जाणार, म्हणजे ट्यूब घालावीच लागते. मग ट्यूबलेसचा फायदा कुठला? शिवाय ट्यूबलेसची कड रिमवर घट्ट धरून ठेवायला रिमच्या आत उंचवटा लागतो, तो जुन्या रिमला नाही. त्या टायरची कड जाड असते, बसवताना जुन्या रिमला लिव्हरने पोचे पडतात. आतून काही टायरना बारीक रेषा असतात, त्या ट्यूबला घासतात. बाजूवर 'टीटी' (ट्यूब टाइप) लिहिलेला टायर घ्या, विषय संपला.

तीन मिमी आऊट (रिमचं डोलणं) हे टायर बदलायच्या आधीचं काम आहे. टायर-ट्यूब उतरली की तसंच नवं घालू नका. चाक स्टँडवर लावून आऊट काढून घ्या, बाजूचा आणि उंचीचा दोन्ही. दोन मिमीच्या आत आलंच पाहिजे, चांगला कारागीर एकवर आणतो. चाळीसच्या चाळीस आरे पान्याने वाजवून बघा. टणटणीत आवाज एकसारखा हवा. जो बद्द वाजतो तो ढिला, किंवा निपल गंजून धरलेला. नव्या टायरवर आऊट काढत बसलं तर आऱ्याचं टोक निपलमधून वर येऊन ट्यूबला भोक पाडतं. आऊट काढून झाला की आतून बोट फिरवा, जिथे आऱ्याचं टोक लागेल तिथे कानसीने सपाट करा. आत गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारा आणि एक दिवस पूर्ण वाळू द्या. गंजाचे खवले ट्यूब खातात, आणि कडेवरचा गंज टायर नीट बसू देत नाही.

घेताना फक्त टायर घेऊ नका. दोन नव्या ब्यूटाइल ट्यूब (पुढे ३.२५, मागे ३.५०, बऱ्याच ट्यूबवर दोन्ही मापं लिहिलेली असतात), दोन नव्या रिमपट्ट्या, आणि टाल्कम पावडर. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते. नव्या टायरमध्ये ती घडी घालून बसते आणि त्या घडीवरच चिरते. पट्टीच्या जागी सायकलची ट्यूब कापून घालण्याची पद्धत सोडा, ती एका बाजूला सरकते आणि निपल उघडे पडतात.

घरी बसवता येतो. मागचं चाक काढणं बुलेटला सोपं आहे. मुख्य स्टँडवर घ्या, स्पिंडल काढा, उजव्या बाजूचा स्पेसर काढा, चाक उजवीकडे ओढलं की कश रबरमधून (झटके सोसणाऱ्या रबरी तुकड्यांतून) सुटतं. चेन, स्प्रॉकेट आणि ब्रेकचा ड्रम डावीकडे जागेवरच राहतो. तेवढ्यात कश रबर बघून घ्या. चेपून कडक झाले असतील तर आत्ताच बदला, परत चाक काढायला नको.

टायर उन्हात अर्धा तास ठेवा, मऊ होतो. बाजूवरचा बाण बघा. काही टायरना पुढच्या आणि मागच्या चाकासाठी उलट दिशेचे दोन बाण असतात, घाईत चुकतं. रंगाचा ठिपका असेल तर ती टायरची सर्वात हलकी जागा, ती व्हॉल्व्हपाशी आणा. कडेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही, रबर फुगतं. पहिली कड हातानेच जाते. ट्यूबला पावडर चोळून, गोल होईल एवढीच हवा भरून आत घाला, व्हॉल्व्हचा नट दोन आटे लावून सोडा. दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. लिव्हर मारताना समोरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोल भागात ठेवा. हे केलं नाही तर शेवटचे चार इंच जात नाहीत, माणूस मोठी पहार घेतो आणि ट्यूब चिमटते. तीन लिव्हर पुरतात, आणि एका वेळी दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त घास घ्यायचा नाही. शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे कडेखाली अडकलेली ट्यूब सुटते.

मग ३० पीएसआयपर्यंत हवा भरा आणि टायरच्या बाजूला रिमलगत जी बारीक रेघ असते ती बघा. रिमपासून तिचं अंतर गोलाकार सगळीकडे सारखं पाहिजे, दोन्ही बाजूंना. एका जागी आत गेलेली असेल तर हवा सोडा, साबण लावा, पुन्हा भरा. कड बसवायला ४० च्या वर जायचं नाही. तेवढ्याने बसली नाही तर काहीतरी अडलंय, उतरवून बघा. बसल्यावर पूर्ण हवा सोडून एकदा परत भरा, ट्यूबची घडी निघते. ही एवढी एक पायरी बहुतेक पंक्चरवाले गाळतात.

व्हॉल्व्हचा नट रिमवर कधीही आवळू नका, वर टोपीला भिडवून ठेवा. हवा कमी असताना ब्रेकच्या किंवा इंजिनाच्या ओढीने टायर रिमवर सरकतो, ट्यूबला बरोबर नेतो. नट मोकळा असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि आपण वेळेत हवा सोडून सरळ करतो. आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो आणि हवा एका क्षणात जाते.

चाक परत लावताना मागचे दोन्ही गोगलगाय-कॅम (चेन ताणायच्या खाचांच्या चकत्या) एकाच खाचेवर ठेवा, चेन सर्वात ताठ जागी वीस-पंचवीस मिमी खेळली पाहिजे. मग दोरी लावून चाकं एका रेषेत आहेत का बघा. मागचा ३.५० आणि पुढचा ३.२५ असल्याने पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरीपासून दोन-दोन मिमी फट दिसेल. ती दोन्हीकडे सारखी असली की झालं. पुढच्या स्पिंडलच्या खालच्या टोप्या आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, नळ्या आपोआप जागेवर येतात. नट आलटून पालटून, थोडे थोडे.

घाटरस्ता

तेलाचे डाग दुर्लक्षू नका. जुन्या बुलेटच्या इंजिनाच्या ब्रीदरची (आतली वाफ बाहेर सोडणारी) नळी मागच्या चेनवर तेल सोडते, मुद्दामच तशी दिली होती. नळीचं तोंड सरकलं किंवा इंजिन जास्त वाफ मारू लागलं की तेच तेल टायरच्या डाव्या बाजूवर उडतं. डावं वळण घेताना नेमका तोच भाग टेकतो. नवा टायर घालण्याआधी नळीचं तोंड चेनच्या खालच्या पट्ट्याकडे वळवून क्लिप मारा. डाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, पेट्रोलने नाही.

हवा: पुढे १८ ते २०, मागे एकट्याला २८, डबलसीट ३२. सकाळी थंड टायरवर मोजायची, घाट उतरून पंपावर नाही. तीन-चारने वाढलेली दिसेल, ती काढायची नाही. रस्त्यावरच्या पंपावर पुढे सरसकट ३० भरतात. तेवढ्यावर पुढचं चाक खडीवर उड्या मारतं आणि ओल्यात ब्रेक लवकर घसरतो. स्वतःचा एक साधा गेज ठेवा.

पहिले दीडशे किलोमीटर जपून. साच्यातला चकचकीत थर निघेपर्यंत पकड पूर्ण येत नाही, त्यामुळे नवे टायर घालून थेट पावसात महाबळेश्वर नको. मुख्य स्टँडवर मागचं चाक उचललं जातं, पुढचं टेकलेलंच राहतं. पावसाळ्यात गाडी महिना-दीड महिना उभी असेल तर इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचंही उचला. नायलॉनचा टायर एका जागी सपाट बसतो. रात्रभराचं चार-पाच किलोमीटरमध्ये निघून जातं, महिन्याचं लवकर जात नाही.

सातारकर_बुलेट

सगळ्यांचे आभार. यादी अशी केली: पुढे ३.२५-१९ कडेला बटणं असलेला, मागे ३.५०-१९ भारांक ५७, दोन्ही टीटी, तारीख सहा महिन्यांच्या आतली. दोन ट्यूब, दोन पट्ट्या, लागले तर कश रबर. चाकं आधी आऊट काढायला देतो. एकच विचारायचं राहिलं, चाकाचं बॅलन्सिंग लागेल का?

चाकवाला_कोल्हापूर

६०-७० ला सक्तीचं नाही, पण पुढच्याचं करून घ्या. घरीही होतं. चाक फोर्कमध्येच ठेवून ब्रेकची केबल ढिली करा म्हणजे बूट घासणार नाहीत, स्पीडोमीटरची केबल काढा, चाक हलकेच फिरवून सोडा. जड बाजू खाली येऊन थांबते. समोरच्या आऱ्यावर निपलपाशी शिशाची तार गुंडाळत जा, चाक कुठेही सोडलं तरी थांबेल तिथवर. आधी बेअरिंगला ताजं ग्रीस भरा, जड फिरणाऱ्या चाकावर हे समजत नाही. तीस-चाळीस ग्रॅमच्या वर तार लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच वजन निम्म्यावर येतं.